मृत्युपत्र नाही आणि घरात सावत्र नाती: आधी वंशावळ काढा, मग वाटणी

"बाई, सावत्र पोराला वाटा असतो का ओ?" या प्रश्नाला ताडकन हो किंवा नाही म्हणणारा माणूस भेटला, तर त्याचा चहा प्या आणि उठा. घर कुणाच्या नावावर होतं, कोण आधी गेलं आणि त्या दिवशी मागे कोण कोण होतं, एवढं विचारल्याशिवाय याचं उत्तर निघत नाही. मी तलाठी होते. नोकरी बरीचशी उत्तर आणि दक्षिण सोलापूर तालुक्यांत झाली. आता निवृत्त आहे, तरी सोलापूरच्या पूर्वभागातल्या बायका प्लॅस्टिकच्या पिशवीत कागद कोंबून घरी येतातच. त्यांना जे करायला लावते, तेच इथे लिहिते. वकील मी नाही. कोर्टात जायची वेळ आली तर वकील लागेल, पण त्याच्याकडे जाताना तुमचा कागद तयार असला तर त्याचा वेळ आणि तुमचा पैसा दोन्ही वाचतं.

वंशावळ अशी काढा

एक मोठा कोरा कागद घ्या. मयताचं नाव मध्ये. लग्नाला आडवी रेघ, मुलांना खाली उभी रेघ. दोन लग्नं झाली असतील तर दोन आडव्या रेघा, आणि प्रत्येक मूल ज्या दोघांचं आहे त्याच दोघांच्या रेघेखाली. दुसऱ्या बायकोसोबत आलेली तिच्या आधीच्या नवऱ्याची मुलगी असेल, तर तिच्यासाठी त्या आधीच्या नवऱ्याचा चौकोन काढावाच लागतो. इथेच लोक गडबडतात. "कशाला त्याचं नाव आता" म्हणून चौकोन गाळतात आणि मुलीला नव्या बापाखाली लिहून मोकळे होतात.

कागद पूर्ण झाला की बघा: सावत्र नात्याला स्वतःची रेघच नाही. सावत्र आईपासून सावत्र मुलापर्यंत जायचं तर बापावरून वळून जावं लागतं. कायद्यातला वाटाही असाच, रेघेवरून चालतो.

मग प्रत्येक नावाखाली मृत्यूची तारीख घाला. अंदाज नको, दाखल्यावरची तारीख घाला. लग्नाची आणि फारकतीची तारीखही घाला आणि कंसात लिहा की कागद आहे की नाही. तारखांना एवढं का धरून बसते ते पुढच्या हिशेबात कळेल.

कायदा कुठला लागतो, ते एका दमात सांगते. हिंदू, बौद्ध, जैन आणि शीख यांना हिंदू उत्तराधिकार कायदा, १९५६. लिंगायत समाजाचं नाव तर कायद्याच्या कलम २ मध्येच लिहिलेलं आहे, तेव्हा आपल्याकडे तो वाद काढू नका. अनुसूचित जमातींना हा कायदा लागू होत नाही. मुसलमानांना त्यांचा वैयक्तिक कायदा, ख्रिश्चनांना १९२५ चा भारतीय उत्तराधिकार कायदा. खालचा हिशेब हिंदू कायद्याचा आहे, बाकीच्यांचं पुढे थोडक्यात येईल.

एका घराचा हिशेब, रुपयात

सोलापूरच्या साखर पेठेतलं एक घर धरा. यंत्रमागावर काम करणारा गृहस्थ. पहिली बायको आजारपणात गेली, तिच्यापासून मुलगा आणि मुलगी. दुसरं लग्न केलं. दुसरीला आधीच्या नवऱ्यापासून एक मुलगी, ती सोबत आली. या दोघांना आणखी एक मुलगा झाला. गृहस्थाची म्हातारी आई हयात आहे. घर त्याच्या स्वतःच्या कमाईचं. मृत्युपत्र न करता तो गेला.

पुरुष गेला की पहिला हक्क वर्ग एकच्या वारसांचा. त्यात विधवा, मुलगे, मुली आणि आई येतात. एखादं मूल बापाच्या आधी गेलं असेल तर त्याची मुलंबाळंही त्याच्या जागी येतात. प्रत्येकाला सारखा वाटा. आई वर्ग एकमध्ये आहे हे लोक विसरतात. आणि बाप वर्ग एकमध्ये नाही, हे ऐकून तर चकितच होतात.

म्हणजे इथे पाच वाटे: दुसरी बायको, थोरला, मुलगी, धाकटा आणि म्हातारी. घर रुपयाचं धरलं तर प्रत्येकी २० पैसे. पहिल्या बायकोची पोरं आणि दुसरीचं पोर यांत कायदा फरक करत नाही, बाप एकच आहे. मुलगी सासरी गेली की नाही, हेही कायदा विचारत नाही. दुसरीसोबत आलेल्या मुलीला मात्र या घरात शून्य. तिला त्याने अंगाखांद्यावर खेळवलं असेल, लग्न करून दिलं असेल, तरी शून्य. 'मुलगा', 'मुलगी' या शब्दांत सावत्र मूल बसत नाही.

इथपर्यंत लोक येतात आणि थांबतात. पुढचं मरण मात्र थांबत नाही.

समजा, पाच वर्षांनी दुसरी बायको गेली, तीही मृत्युपत्र न करता. तिच्या २० पैशांची ती पूर्ण मालकीण होती, कलम १४ मुळे. आता वारस तिचे बघायचे. बाई गेली की पहिला हक्क तिची मुलं आणि नवरा यांचा. नवरा आधीच गेला. उरली तिची दोन मुलं: धाकटा, आणि तीच मुलगी जिला बापाच्या वेळी शून्य मिळालं होतं. दोघांना १०-१०. पहिलीच्या पोरांना यातून काही नाही. सर्वोच्च न्यायालयाने १९८७ मध्ये हे स्पष्ट केलेलं आहे: बाईला स्वतःचं मूल असेल तर सावत्र मुलगा त्याच्या बरोबरीने बसत नाही.

मग म्हातारी गेली. तिला आणखी एक मुलगी आहे, म्हणजे पोरांची आत्या. म्हातारीच्या २० पैशांचे दोन भाग होतात: १० आत्याला, १० आधी गेलेल्या मुलाच्या फांदीला. त्या दहाचे तिन्ही सख्ख्या नातवंडांत सारखे भाग, प्रत्येकी सव्वातीन पैशांच्या जरा वर. दुसरीसोबत आलेली मुलगी म्हातारीची नात नाही, तिला इथून काही नाही. दुसरी बायको तेव्हा हयात असती तरी सुनेला यात वाटा नव्हता.

शेवटी मांडून बघा. थोरला आणि मुलगी, प्रत्येकी सुमारे २३. धाकटा सुमारे ३३. सोबत आलेली मुलगी १०. आत्या १०. घर तेच, पण धाकट्याला थोरल्यापेक्षा दहा पैसे जास्त, कारण तो दोन्ही रेघांवर बसलेला आहे. थोरल्याला हे अन्याय वाटतं आणि तो तलाठ्याशी भांडतो. तलाठ्याशी भांडून हा आकडा हलत नाही.

आता मरणांचा क्रम बदला. म्हातारी मुलाच्या आधी गेली असती तर बापाच्या घराचे चारच वाटे पडले असते, २५-२५ चे, आणि आत्याला या घरातून काहीच मिळालं नसतं. म्हणून तारखा.

दुसऱ्या बायकोला स्वतःचं एकही मूल नसतं तर? नवऱ्याकडून वारशाने आलेली मिळकत, मागे मूल नसेल, तर नवऱ्याच्या वारसांकडे परत जाते. धाकटा नसता तर बापाच्या घराचे वाटे चारच, म्हणजे तिचे २५ पैसे पहिलीच्या पोरांना, आणि सासू हयात असेल तर तिलाही. सावत्र पोरांना सावत्र आईकडून मिळण्याची वाट ही एवढीच, आणि तीही नवऱ्यावरून वळून येणारी.

घर बाईच्या नावावर असेल तेव्हा

सोलापुरात हा भाग जास्त महत्त्वाचा, कारण आपल्याकडे विडी वळणाऱ्या बायकांच्या नावावर घरं आहेत. कुंभारीला गोदूताई परुळेकर वसाहतीची दहा हजार घरं उभी राहिली, त्यानंतर रे नगर झालं. तीस हजार घरांच्या त्या प्रकल्पातल्या पहिल्या पंधरा हजारांचं लोकार्पण १९ जानेवारी २०२४ ला झालं. आता या घरांचे वारस कोण, हा प्रश्न घरोघर येणार.

घर बाईचं आणि ती गेली, तर नवरा आणि मुलं सारखे वाटेकरी. दोन मुलं असतील तर तिघांना एक-एक तृतीयांश. तिच्या आईबापाला मुलं-नवरा असताना काही नाही. मग नवऱ्याने दुसरं लग्न केलं. नवी बायको पहिलीची वारस नाही, त्यामुळे पोरं तिला ठणकावतात, "हे घर आमच्या आईचं, तुझा काय संबंध?" हे निम्मंच खरं आहे. बापाला एक तृतीयांश मिळालेला आहे ना! तो गेल्यावर त्या तृतीयांशात नवी बायको, ही दोन पोरं आणि तिला झालेलं मूल असे चौघे सारखे येतात. म्हणजे पूर्ण घराच्या एक बारांश हिश्शाची ती मालकीण. एक बारांशात माणूस झोपू शकत नाही हे मलाही कळतं, पण विक्रीच्या कागदावर तिची सही लागते एवढं त्या बारांशात बळ असतं.

बाईचं दुसरं लग्न असेल तर हाच हिशेब उलटा लावा. तिच्या घरात तिची आधीची पोरं आणि दुसरा नवरा सारखे वाटेकरी. सावत्र बाप असा बायकोचा वारस म्हणून आत येतो. तो गेल्यावर त्याचा वाटा त्याच्या रक्ताच्या माणसांकडे जातो, या पोरांकडे परत येत नाही.

आणि जिला मूल नाही, नवरा आधीच गेला आहे, पण नवऱ्याची पहिलीपासूनची मुलं आहेत, अशा बाईने नीट ऐकावं. घर तुम्ही रात्र-रात्र विड्या वळून घेतलेलं असलं तरी मृत्युपत्र नसेल तर ते तुमच्या आईबापाच्या आधी नवऱ्याच्या वारसांकडे, म्हणजे सावत्र मुलांकडे जातं. भाऊ तर त्याहून मागे. फक्त आईवडिलांकडून वारशाने आलेलं असेल ते, मूल नसल्यास, वडिलांच्या वारसांकडे वळतं. हा नियम मला स्वतःला पटत नाही. पण पटत नाही म्हणून तो लागू व्हायचा थांबत नाही.

तरुण पोरगं गेलं तर काय, हेही विचारतात. अविवाहित मुलगा अपघातात गेला, सख्खी आई आधीच गेलेली, तर पुढचा वारस बाप. बापही नसेल तर भाऊ-बहीण. वर्ग एकचं कुणीच नसेल तेव्हा बघायची पुढची यादी म्हणजे वर्ग दोन; सावत्र आई 'वडिलांची विधवा' म्हणून तिच्या सहाव्या नोंदीत आहे, म्हणजे भाऊ, बहीण, भाचे-पुतणे आणि आजी-आजोबा यांच्याही मागे. शिवाय एका आईचे पण दोन बापांचे भाऊ या यादीतल्या 'भाऊ' शब्दात धरत नाहीत.

शाळेच्या दाखल्यावरचं नाव

दुसरं लग्न झालं की पोराच्या शाळेच्या दाखल्यावर आणि आधारवर सावत्र बापाचं नाव लागतं. लावा, त्यात गैर काही नाही. आडनाव काय असावं हे ठरवण्याचा आईचा अधिकार सर्वोच्च न्यायालयाने २०२२ मध्ये मान्य केला आहे. पण त्या नावामुळे पोर सावत्र बापाचं वारस होत नाही. आणि सख्ख्या बापाच्या वारसातून बाहेरही पडत नाही. वारसनोंदीच्या वेळी चुलते दाखला पुढे करून म्हणतात, "हा आमच्या भावाचा नाहीच, बघा कागद." अशा वेळी जन्माचा मूळ दाखला आणि आईच्या पहिल्या लग्नाचा पुरावा जपून ठेवलेला असला पाहिजे.

आईचंही तसंच. नवरा गेल्यावर तिला मिळालेला वाटा दुसरं लग्न केलं म्हणून जात नाही. "पाट लावला, आता तुझं इथं काय" हे गावात अजून ऐकू येतं. कायद्यात त्याला आधार नाही. वारसा नवऱ्याच्या मृत्यूच्या क्षणी उघडतो, आणि तेव्हा ती विधवा होती.

सावत्र मुलाला खरंच आपलं वारस करायचं असेल तर दत्तक घ्यावं लागतं. हिंदू दत्तक कायद्यात साधारणपणे मूल पंधरा वर्षांच्या आतलं लागतं, रूढी सिद्ध करता आली तर गोष्ट वेगळी. दत्तकपत्र नोंदवूनच घ्या. मात्र एक हिशेब आधी करा: दत्तक गेलेल्या मुलाचा जन्मघरातला पुढचा वारसा तुटतो. दत्तकाच्या आधी जे त्याच्या वाट्याला आलेलं आहे, ते मात्र त्याचंच राहतं. सख्खा बाप आधीच वारला आणि मुलाचा हिस्सा ठरला असेल, तर दत्तकाने तो जात नाही. आजोबा हयात असतील आणि शेत त्यांच्या नावावर असेल, तर दत्तक देण्यापूर्वी दोनदा विचार करा.

पहिली बायको हयात असताना केलेलं दुसरं लग्न

इथे 'सावत्र आई' हा शब्दच कायद्यात टिकत नाही. पहिली हयात, घटस्फोट नाही, तर १९५५ नंतरचं हिंदूंचं दुसरं लग्न मुळात रद्दच. ती विधवा म्हणून वारस होत नाही, मग वीस वर्षं संसार केला असला तरी. शंभराच्या बॉण्डवर लिहिलेली सोडचिठ्ठी घेऊन लोक येतात, पंचांच्या सह्यांसकट. समाजात तशी रूढी आहे हे कोर्टात सिद्ध करता आलं तरच तिला अर्थ. नुसत्या बॉण्डने लग्न मोडत नाही.

पण तिची मुलं वारस आहेत. हिंदू विवाह कायद्याच्या कलम १६ मुळे ती औरसच धरली जातात आणि बापाच्या मिळकतीत सख्ख्यांच्या बरोबरीने येतात. वडिलोपार्जित जमिनीचं कोडं सर्वोच्च न्यायालयाने १ सप्टेंबर २०२३ ला सोडवलं: बापाच्या हिश्शाला जे आलं असतं त्यात या मुलांना वाटा आहे, एकत्र कुटुंबाच्या पूर्ण मिळकतीत जन्मतः हक्क नाही.

वडिलोपार्जित जमिनीचा विषय निघालाच आहे तर तेवढं सांगून टाकते. तिथे थेट सारखे वाटे पाडायचे नाहीत. मृत्यूच्या आदल्या क्षणी वाटप झालं असतं तर बापाला किती आलं असतं, ते आधी काढायचं, आणि फक्त तेवढं वारसांत वाटायचं. मुली या आधीच्या वाटपात मुलांच्या बरोबरीने आहेत. २००५ च्या दुरुस्तीने ते आलं, आणि ९ सप्टेंबर २००५ ला बाप हयात असण्याची गरज नाही, हे ऑगस्ट २०२० मध्ये कोर्टाने पक्कं केलं. दुसऱ्या बायकोसोबत आलेलं मूल या घराण्यात जन्मलेलं नाही, तेव्हा त्याला या जमिनीत जन्मतः हक्क नाही. हा हिशेब वकिलाकडूनच करून घ्या, घरी केला तर चुकतो.

मुसलमान कुटुंबात सावत्र मूल आणि सावत्र आईबाप एकमेकांचे वारस नसतात. मुलं असताना विधवेला एक अष्टमांश, दोन बायका असतील तर तेवढ्यातच दोघी. बायको गेली तर मुलं असताना नवऱ्याला एक चतुर्थांश. मुलाला मुलीच्या दुप्पट. ख्रिश्चन गृहस्थ गेला आणि मागे मुलं असतील तर विधवेला एक तृतीयांश, बाकीचं त्याच्या मुलांना. सावत्र मूल तिथेही नाही.

कागद कुठे द्यायचे

शेतजमीन असेल तर वारसनोंद. अर्ज तलाठ्याकडे, ज्याला आता ग्राम महसूल अधिकारी म्हणतात, किंवा ई-हक्क या ऑनलाइन प्रणालीवर. मृत्यूचा दाखला, सातबारा, सगळ्या वारसांची नावं असलेलं प्रतिज्ञापत्र आणि त्यांचे आधार जोडा. कायद्याने तीन महिन्यांत कळवायचं असतं. लोक दहा-दहा वर्षं कळवत नाहीत, म्हणून तर २०२५ मध्ये 'जिवंत सातबारा' मोहीम काढावी लागली. अर्ज आधी गाव नमुना ६-क मध्ये, म्हणजे वारसांच्या वहीत चढतो, वारस ठरले की फेरफार धरला जातो आणि हितसंबंधितांना नोटीस निघते. हरकतीला पंधरा दिवस. हरकत आली तर नोंद ६-अ मध्ये, म्हणजे विवादग्रस्त वहीत जाते आणि मंडळ अधिकारी दोन्ही बाजू ऐकतो. निकाल पटला नाही तर साठ दिवसांत प्रांताकडे, म्हणजे उपविभागीय अधिकाऱ्याकडे अपील.

प्रतिज्ञापत्रावर सही करण्यापूर्वी वारसांची यादी मोठ्याने वाचून घ्या. माझ्या नोकरीत सगळ्यात जास्त गाळलं गेलेलं नाव म्हणजे पहिलीची मुलगी. आई नाही, माहेरी विचारणारं कुणी नाही, आणि सावत्र भाऊ म्हणतो, "अक्का कशाला येती एवढ्या लांबनं." ती येत नाही म्हणून तिचा वाटा जात नाही, आणि खोटं प्रतिज्ञापत्र हा गुन्हा आहे. हक्क सोडायचा असेल तर तिने स्वतः निबंधकासमोर येऊन नोंदणीकृत हक्कसोडपत्र करावं. भाऊबीजेच्या आदल्या दिवशी साडी देऊन घेतलेल्या कोऱ्या कागदावरच्या सहीला काही किंमत नाही.

सातबाऱ्यावर दोन शेरे बघा. 'ए.कु.मॅ.' म्हणजे एकत्र कुटुंबाचा मॅनेजर. थोरल्याच्या नावापुढे हा शेरा असेल तर तो एकटा मालक नाही. 'अ.पा.क.' म्हणजे अज्ञानाचा, म्हणजे अठराच्या आतल्या मुलाचा, पालनकर्ता. तिथे सावत्र आईचं नाव लावलेलं पुष्कळदा दिसतं. पालकत्वाच्या १९५६ च्या कायद्यात नैसर्गिक पालक कोण ते सांगताना सावत्र आई आणि सावत्र बाप यांना नाव घेऊन वगळलं आहे. सख्ख्या आईलासुद्धा अज्ञान मुलाचा स्थावर हिस्सा कोर्टाच्या परवानगीशिवाय विकता येत नाही. तसा विकला गेला असेल तर मूल अठराचं झाल्यापासून तीन वर्षांत कोर्टात जाऊन तो व्यवहार रद्द मागू शकतं. मुदत लक्षात ठेवा, एकविसावं सरलं की अवघड होतं.

शहरातलं घर असेल तर नगर भूमापनकडे मिळकत पत्रिकेवर नाव लावायचं. महापालिकेच्या कराच्या पावतीवर नाव आलं म्हणून कुणी मालक होत नाही. खरं तर फेरफाराने आणि सातबाऱ्यानेही मालकी ठरत नाही, वाद असेल तर ती दिवाणी न्यायालयच ठरवतं. गृहनिर्माण संस्थेतली सदनिका असेल तर संस्था वारस दाखला किंवा कौटुंबिक व्यवस्थापत्र मागते. तोवर नामनिर्देशित व्यक्तीला तात्पुरतं सभासद करून घेते.

बँकेत वाद नसेल आणि रक्कम ठरावीक मर्यादेत असेल तर हमीपत्रावर काम होतं. एका जरी वारसाने लेखी हरकत घेतली तर दिवाणी न्यायालयातून सक्सेशन सर्टिफिकेट आणावं लागतं. तो दाखला येणी, ठेवी आणि शेअर्सपुरता. घरा-जमिनीसाठी १८२७ च्या मुंबई रेग्युलेशनखालचा वारस दाखला वेगळा असतो. हो, अठराशे सत्तावीसच, अजून चालतो.

नॉमिनी म्हणजे मालक नव्हे. ठेवीवर दुसऱ्या बायकोचं नाव नॉमिनी असेल तर बँक पैसे तिला देईल, पण ती ते बाकीच्या वारसांच्या वतीनेही घेते. शेअर्सबाबतही सर्वोच्च न्यायालयाने डिसेंबर २०२३ मध्ये हेच सांगितलं. विम्यात २०१५ च्या दुरुस्तीनंतर जोडीदार, मुलं आणि आईबाप नॉमिनी असतील तर वेगळा नियम आला आहे, आणि त्यावर कोर्टांचे निकाल एका सुरात नाहीत. कुटुंब निवृत्तिवेतन मात्र वाटणीत धरूच नका. ते ज्याला नियमाने मंजूर होतं त्याचं.

सावत्र आईला कुणी सांभाळायचं

वारसात मागे असली तरी पोटगीच्या कायद्यात ती मागे नाही. आईवडील व ज्येष्ठ नागरिकांच्या २००७ च्या कायद्यात 'पालक' या शब्दात सावत्र आई आणि सावत्र बाप स्पष्ट लिहिलेले आहेत. अर्ज प्रांताकडच्या न्यायाधिकरणात करायचा, वकील लागत नाही, आणि महिना दहा हजारांपर्यंत निर्वाह मिळू शकतो. मूल नसलेल्या विधवा सावत्र आईला सावत्र मुलाकडून पोटगी मागता येते, असं सर्वोच्च न्यायालयाने १९९६ मध्येच म्हटलं आहे. "वाटा घेऊन गेली, आता आमचं काय" हे उत्तर तिथे पुरत नाही.

हे सगळं टाळायचं असेल तर मृत्युपत्र करा. साध्या कागदावर चालतं, मुद्रांक लागत नाही, नोंदणी सक्तीची नाही, पण मी करून घ्या म्हणते. तुमच्यासमोर सही करणारे दोन साक्षीदार लागतात. ज्याला काही द्यायचं आहे त्याला साक्षीदार करू नका. साक्षीदार वयाने तुमच्यापेक्षा लहान बघा, म्हणजे तुमच्या मागे साक्षीला तो उरेल. आणि सोबत आलेल्या मुलीला द्यायचं असेल तर 'माझी मुलगी' एवढंच लिहू नका. तिचं पूर्ण नाव, जन्मतारीख, आईचं नाव आणि 'माझ्या पत्नीची पहिल्या विवाहापासूनची मुलगी' असं सरळ लिहा.